पाठ टेकली की सुरू होणारी कंबर

माझी कंबर दुखायला लागली तेव्हा मी २५ वर्षांची होते आणि आमच्या घरात कंबरदुखी हा आजार धरला जात नव्हता. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की वांझफूट, डिपिंग, विरळणी अशी बायकांची कामं मांडवाखाली हात वर करून सुरू होतात आणि संध्याकाळी ओसरीवर टेकलेली प्रत्येक बाई कमरेवर हात ठेवूनच उठते. मी सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. ना उन्हात जायचं, ना मांडवाखाली. मग माझ्या कमरेनं कशापायी दुखावं, हा घरातल्यांचा सरळ प्रश्न होता.

दुखणं एका जागी नव्हतं. खाली, अगदी माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना, खोल. कधी डाव्या कुल्ल्यात, मग काही दिवस उजव्या. अण्णा शेजारी बसलेले असताना डॉक्टरांना कुल्ला म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, त्यामुळं सगळ्या केसपेपरवर ‘कंबरदुखी’ एवढंच आलं. पहाटे तीन-चारच्या सुमाराला जाग यायची. कूस बदलायची तर आधी गुडघे, मग खांदा, मग मधलं अंग, असं हप्त्याहप्त्यानं वळायचं. सकाळी वॉशबेसिनवर वाकता यायचं नाही, म्हणून ताठ उभी राहूनच तोंड धुवायची आणि पाणी कोपरापर्यंत ओघळून बाही भिजायची. सलवार घालायला कॉटवर बसावं लागायचं. एसटी पकडायला स्टँडपर्यंत चालत गेले की हळूहळू अंग सुटायचं. दहाच्या तासाला मी फळ्यासमोर अशी उभी असायची, की सकाळची बाई ही नव्हेच. एसटीत जागा मिळाली तरी मी उभ्यानं जायची, आणि कंडक्टरला वाटायचं मॅडमना शेजारच्या बाप्याचं वावडं आहे.

गावातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा इंजेक्शन दिलं आणि तीन दिवसांच्या गोळ्या. गोळ्या चालू तोवर बरं, संपल्या की पुन्हा तेच. आमच्याकडं कमरेत दुखलं की पहिला संशय मुतखड्यावर जातो. लघवी तपासली, सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीत ३ मिलिमीटरचा खडा खरंच निघाला. झालं. घरात जो तो खूष, कारण कारण सापडलं. कुळथाचं पाणी, शहाळी, दिवसाला चार लिटर पाणी. मी पाणी पीत राहिले, कंबर दुखत राहिली. किडनीत गप्प बसलेला एवढासा खडा सहसा दुखत नाही; तो खाली नळीत उतरला की बरगडीखालून जांघेपर्यंत कळा येतात आणि माणूस गडाबडा लोळतो, हे मला फार उशिरा कुणीतरी नीट सांगितलं. माझं दुखणं कळा येण्यासारखं नव्हतंच. ते मुक्कामाला आलेलं होतं.

मग आत्तीचं म्हणणं पडलं, की पोरीच्या अंगावरून पांढरं जात असणार, त्यानंच कमरेतली ताकद जाते. आमच्याकडं हे प्रत्येक बाईला पाठ आहे. आईनं डिंकाचे लाडू केले (थंडी होती, ते आवडीनं खाल्ले) आणि मला सांगलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडं नेलं. त्या बाईंबद्दल मला आजही आदर आहे. त्यांनी अण्णांना बाहेर बसवलं आणि मग विचारायला सुरुवात केली. पाळीच्या आधी वाढतं का? पाळीत संडासला बसताना दुखतं का? पाळीच्या दिवसांत कामावर जाता येत नाही असं होतं का? थोडं पांढरं जाणं हे बाईच्या शरीराचं रोजचं काम आहे, वास, खाज किंवा रंग बदलला तरच आजार. त्यानं कंबर झिजत नाही, असं त्यांनी आईलाच समजावलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशी बाहेर वाढते, त्या एंडोमेट्रिओसिसमध्ये तरुण मुलींची कंबर फार दुखते, आणि सुरुवातीला सोनोग्राफीत तो दिसतोच असं नाही, म्हणून पाळीचा हिशेब विचारावा लागतो, हेही त्यांनी सांगितलं. माझं दुखणं महिनाभर सारखंच होतं, पाळीनं त्यात काही फरक पडत नव्हता. “हे माझ्या खात्यातलं वाटत नाही,” त्या म्हणाल्या. असं स्वच्छ सांगणारे डॉक्टर मला पुढं फार भेटले नाहीत.

हाडांच्या डॉक्टरांचं प्रकरण लांबलं. एक्स-रे काढला, मग कमरेच्या मणक्यांचा एमआरआय. त्याचे साडेसहा हजार अण्णांनी मोजले तेव्हा मला कसंसंच झालं. रिपोर्टात चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीला थोडा फुगवटा, असं आलं. डॉक्टरांनी पेनानं फिल्मवर टिचकी मारली आणि म्हणाले, “मणक्यात गॅप आहे.” हा शब्द एकदा घरात शिरला की बाहेर जात नाही. गावात ज्याला-त्याला गॅप आहे. वीस वर्षांच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी त्यातल्या सुमारे ३० टक्के लोकांत चकतीचा असा फुगवटा दिसतो, ही गोष्ट त्या खोलीत कुणी बोललं नाही. माझ्या पायात मुंग्या नव्हत्या, गुडघ्याखाली कळ जात नव्हती, खोकताना-शिंकताना झटका बसत नव्हता. म्हणजे शीर दबल्याची एकही खूण नव्हती. पण फिल्मवर फुगवटा होता, आणि फिल्म खोटं बोलत नाही असं सगळ्यांना वाटतं.

पट्टा मिळाला. फळीवर झोपायचं, वाकायचं नाही, तीन आठवडे पूर्ण विश्रांती. तासिका तत्त्वावर विश्रांती म्हणजे बिनपगारी विश्रांती, पण घेतली. त्या तीन आठवड्यांइतकी माझी कंबर आधी कधी दुखली नव्हती. दिवसभर फळीवर पडून राहायचं आणि संध्याकाळी उठायला आईचा हात धरायचा. आई म्हणायची, अजून थोडं पड. मी पडायची, आणखी आवळायचं.

त्याच दिवसांत पायाळू माणसाची लाथही खाऊन झाली. उसण भरली की पायाळूनं कमरेवर पाय मारायचा, हे आमच्या भागात अजून चालतं. शेजारचा बारावीतला पोरगा पायाळू. त्याला त्याच्या आज्जीनं सकाळी तोंडसुद्धा न धुता आणून उभं केलं. तो बिचारा लाजून लाल. “ताई, हळू मारतो,” म्हणाला आणि अंगठ्यानं स्पर्श केल्यासारखं तीनदा करून पळाला. लचक किंवा उसण असती तर चार दिवसांत आपोआप उतरली असती आणि श्रेय त्याला मिळालं असतं.

सगळ्यात नेमकं बोलल्या त्या विरळणीला येणाऱ्या एक मावशी. मी ओसरीवर पडलेली होते, त्या चहाला थांबल्या होत्या. म्हणाल्या, “माझी कंबर दिवसभर बोंबलती आन् रात्री पाठ टेकली की गप हुती. तुझी पाठ टेकली की सुरू हुती. तुझं काय येगळंच हाय बघ.” मी हसले. आईही हसली. तोवर मला दीडेक वर्ष सगळ्यांनी कुठं दुखतं हे विचारलं होतं. कधी दुखतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं. माझ्याच वयाची असेल. शेक आणि वजन लावायला तिच्याकडं पाठवलं होतं. मशीन लावायच्या आधी तिनं विचारलं, रात्री झोपेतून जाग येते का, उठल्यावर अंग सुटायला किती वेळ लागतो, आणि आरामानं बरं वाटतं का चालल्यानं? मी सांगत गेले आणि तिचं शेकाचं मशीन बंदच राहिलं. मग तिनं मला उताणं झोपवून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर चाराच्या आकड्यासारखा ठेवला आणि गुडघा हळूच खाली दाबला. जिथं दुखायचं तिथंच, अगदी बोट ठेवल्यासारखं दुखलं. “टाचा दुखतात का सकाळी?” दुखत होत्या. त्यासाठी मी आधीच मऊ चपला घेतल्या होत्या, कमरेशी त्याचा संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. तिनं चिठ्ठीवर लिहिलं: संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

घरी आज्जी म्हणाली, संधिवात आत्ता? मला सत्तरीत झाला.

मिरजेला आमच्या भागातली निम्मी दुखणी जातात, तसं हेही गेलं. संधिवाताच्या डॉक्टरांनी आधीची फाइल बाजूला ठेवली आणि नव्यानं सगळं ऐकलं. दुखणं हळूहळू सुरू झालं की एका दिवशी अचानक? हळूहळू. तीन महिन्यांच्या वर? कधीच वर. डोळा लाल होऊन उजेड सहन होत नाही असं कधी झालं? नाही. अंगावर खवले येणारा त्वचेचा आजार? रक्ताचे जुलाब? नाही. ताप, घाम, वजन उतरणं? हे क्षयासाठी विचारतोय, म्हणाले, आपल्याकडं मणक्याचा क्षय विसरून चालत नाही. मग विचारलं, “निरसं दूध पिता का?” मी चक्रावले. घरात म्हैस आहे. अण्णा धारोष्ण पितात, मी नाही. जनावरांच्या कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेलाचा जंतू नेमका कमरेखालच्या सांध्यात जाऊन बसतो, तोही बहुतेकदा एकाच बाजूच्या. माझं दोन्ही बाजूंना होतं.

“घरात कुणाची पाठ वाकलेली आहे का?”

आई पटकन म्हणाली, “माझ्या भावाची.” मामा विट्याला यंत्रमागावर होते. चाळिशीतच पुढं वाकले. मान वळवायची तर सगळं अंग वळवायचे. आम्ही लहानपणापासून समजत आलो, की मागावर उभं राहून राहून असं झालं. मागावर त्यांच्याबरोबर उभे राहणारे बाकीचे सरळ का राहिले, हा प्रश्न कुणाला पडला नाही. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच आईकडं नीट बघितलं.

मग टेप निघाली. कमरेच्या खळग्यांच्या रेषेवर पेनानं एक खूण, तिथून १० सेंटिमीटर वर दुसरी. आता गुडघे न वाकवता पुढं वाका. निरोगी कमरेत या दोन खुणांमधलं अंतर पंधरापर्यंत जातं. माझं साडेतेराला थांबलं. खोल श्वास घेऊन छाती किती फुगते तेही मोजलं, ते ठीक होतं. भिंतीला टाचा लावून डोकं टेकतं का बघितलं. टेकलं.

त्यांनी दुसरा एमआरआय सांगितला तेव्हा अण्णांचा चेहरा पडला. आत्ताच तर काढलाय! डॉक्टरांनी जुनी फिल्म लावून दाखवली. आधी बघितला होता तो कमरेचा मणका. आजार असेल तर तो त्याच्या खाली, माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि ओटीपोटाचं हाड जिथं जुळतं त्या सांध्यात, सॅक्रोइलियाक जॉइंटमध्ये असणार. आणि तो सांधा त्या फिल्मच्या कडेला जेमतेम अर्धा आलेला. सांध्याच्या दिशेनं तिरके छेद घेऊन, चरबीचा पांढरा रंग दाबून टाकणाऱ्या पद्धतीनं तो वेगळा काढावा लागतो. रंगद्रव्याचं इंजेक्शन लागत नाही, त्यामुळं थोडा स्वस्त पडला, एवढंच समाधान.

रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगात सूज असल्याच्या खुणा, थोडे वाढलेले. या आजाराशी जोडलेल्या एचएलए-बी२७ जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह. एक्स-रेत सांधा जवळजवळ नॉर्मल. नवीन एमआरआयत मात्र सांध्याच्या दोन्ही काठांना हाडाच्या आतून पांढरे ढग उतरलेले. ती आतली सूज. एक्स-रेत बदल दिसायला वर्षं जातात, एमआरआयत ही सूज आधी दिसते. आजाराचं नाव अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थरायटिस. एक्स-रेत न दिसणाऱ्या टप्प्यातला. हाच पुढं सरकला, सांधे-मणके जुळत गेले, की त्याला अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात, जो मामांना असणार. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्नायुबंध जिथं हाडाला चिकटतात तिथं आणि या सांध्यांत सूज आणते, टाचाही त्यामुळंच. झोपेत हालचाल थांबली की सूज आवळते, चालल्यानं सैल होते. मावशी बरोबर होत्या.

मी विचारलं, एवढी साधी खूण, मग इतका वेळ का लागला? डॉक्टर म्हणाले, “आम्ही शिकलो तेव्हा हा पुरुषांचा आजार होता. नऊ-दहा पुरुषांमागं एक बाई, असं शिकवायचे.” आता कळतंय, की एक्स-रेत दिसण्याइतका वाढलेला आजार पुरुषांत दोन-तीन पट जास्त असतो, पण माझ्यासारख्या टप्प्यात बायका आणि पुरुष जवळपास सारखेच असतात. बायकांच्या एक्स-रेत बदल कमी आणि सावकाश दिसतात, म्हणून त्यांची निदानं पुरुषांपेक्षा उशिरा होतात. आणि बाईनं कंबर दुखते म्हटलं की विचारायला पाळी, पांढरं, बाळंतपण, अशक्तपणा एवढं सगळं तयारच असतं, हे मात्र माझं म्हणणं. त्यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. पण एकही प्रश्न न विचारता ते चिकटवलं जातं, त्याचा मला राग आहे.

बी२७चा कागद घरी आल्यावर वेगळाच गोंधळ. धाकट्या भावाची तपासणी करायची का? डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. ज्यांच्यात हा जनुक असतो त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो, ढोबळमानानं शंभरातल्या पाचेकांना. मामांचं बघता माझ्याकडं तो आईकडूनच आला असणार, आणि आई अजून दिवसभर वाकून खुरपते. भावाला तशी कंबरदुखी सुरू झाली तर बघू.

औषध म्हणजे वेगळं काही नव्हतं. नॅप्रोक्सेन, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, सोबत पोटासाठी गोळी. फरक एवढाच, की तीन दिवस घेऊन सोडायची नाही, पूर्ण डोसमध्ये सलग काही आठवडे घ्यायची. माझी आधीची प्रत्येक गोळी तीन दिवसांची होती. पहिल्या आठवड्यातच एक सकाळ अशी आली, की गजर वाजल्यावर मला जाग आली. मी घड्याळ बघत पडून राहिले, बिघडलंय का म्हणून. या गोळ्यांनी इतक्या लवकर एवढा आराम पडणं हीसुद्धा या आजाराची एक खूण मानतात. चकतीच्या किंवा स्नायूंच्या दुखण्यात असं सहसा होत नाही. मध्येमध्ये किडनीची रक्ततपासणी, बीपी. तो ३ मिलिमीटरचा खडा अजून तिथंच आहे, म्हणून पाणी चालू.

पट्टा कपाटावर गेला. रोज सकाळी अर्धा तास व्यायाम: पाठ मागं ताणायची, छाती उघडायची, मांडीमागच्या शिरा ताणायच्या. फिजिओकडची तीच मुलगी शिकवते. पोहणं चांगलं, असं सगळे सांगतात. आमच्या गावात बाईमाणसानं विहिरीत उडी मारली तर आधी पोलीस येतील.

लग्नाचं आईनं मला बाहेर पाठवून विचारलं. मी दाराशीच होते. मूल होण्यात या आजारानं अडचण येत नाही, फक्त ठरवायच्या आधी सांगा, काही गोळ्या गरोदरपणात बंद कराव्या लागतात, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर आई म्हणाली, “मग सांगायचंच कशाला त्यांना?” हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. दाखवायच्या कार्यक्रमात मुलाच्या आईनं मला पाटावर बसायला सांगितलं तर मी खुर्ची मागणार, आणि मग सांगावं लागणारच.

मामांना आम्ही त्याच डॉक्टरांकडं नेलं. जुळलेले मणके सुटत नाहीत, पण श्वासाचे आणि मानेचे व्यायाम दिलेत, आणि पडायचं नाही अशी ताकीद. असा ताठ मणका साध्या पडण्यानंही मोडतो. बाथरूमला त्यांनी लगेच धरायला दांडा बसवला. व्यायामाचा कागद मात्र कॅलेंडरमागं खोचलेला आहे.

गेल्या थंडीत माझं पुन्हा वाढलं. गोळी बदलली, एटोरिकॉक्सिब दिली, तीही पूर्ण डोसमध्ये, पण पहाटेची जाग परत आली. आता टीएनएफ नावाचं सूज पेटवणारं प्रथिन रोखणाऱ्या इंजेक्शनचं चाललंय. भारतात बनणारी आवृत्ती मूळ औषधापेक्षा स्वस्त आहे, तरी महिन्याचा खर्च ऐकून अण्णांनी बेदाण्याच्या चालू भावाशी हिशेब मांडला आणि वही मिटली. ही इंजेक्शनं शरीरात दबून बसलेला क्षय उठवू शकतात, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि हातावर टोचायची मँटो चाचणी झाली. एक्स-रे साफ, हातावर मात्र १६ मिलिमीटरची गाठ. म्हणजे आजार नाही, पण जंतू कधीतरी येऊन गप्प बसलाय. आपल्याकडं अशी माणसं भरपूर आहेत. आता आधी त्याचं प्रतिबंधक औषध, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या, बारा आठवडे. सरकारी दवाखान्यातून मिळतात. त्याचा महिना झाला, की लिव्हरचे रिपोर्ट बघून इंजेक्शन सुरू करायचं. माझ्या गोळ्यांचा दिवस सोमवार ठरलाय, कारण सोमवारी पहिला तास नसतो.